खाडी ते खाडी

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून रत्नागिरी जिल्ह्याकडे मोटारीने निघणाऱ्या कुटुंबांचे बेत बहुतेक एकाच साच्यातले असतात. चार दिवसांत दापोली, हर्णै, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, रत्नागिरी शहर, पावस, आणि जमलंच तर परतताना मार्लेश्वर. नकाशावर ही नावं एकमेकांना चिकटलेली दिसतात, त्यामुळे बेत सोपा वाटतो. प्रत्यक्षात दिवसाचे पाच-सहा तास गाडीत जातात, घाटातल्या वळणांनी मुलांना मळमळतं, आणि किनारा गाठेपर्यंत वाळू तापून पाय ठेवण्याजोगी राहिलेली नसते. घरी परतल्यावर तक्रार असते ती मात्र वेगळीच: कोकणात मुलांसाठी करण्यासारखं काही नाही, तिथे एखादा मोठा थीम पार्क हवा. ही तक्रार चुकीच्या जागी केलेली आहे, असं मला वाटतं. रत्नागिरीत मुलांना रमवणारं भरपूर आहे; ते हाती लागत नाही, कारण आपण या किनाऱ्याच्या रचनेच्या विरुद्ध प्रवास करतो. दोन खाड्यांमधला एकच पट्टा निवडावा, तिथल्या एखाद्या घरात तीन-चार रात्री मुक्काम करावा आणि गाडी रोज थोडीच चालवावी, एवढा बदल केला तरी ही सुट्टी वेगळी होते.

रचना म्हणजे काय, ते आधी पाहू. सह्याद्रीची कड आणि समुद्र यांच्यामध्ये इथे साधारण पन्नास-साठ किलोमीटरांचीच जागा आहे. घाटमाथ्यावर उगम पावलेल्या नद्या एवढ्याशा अंतरात समुद्राला मिळतात आणि मुखापाशी रुंद खाड्या करतात. उत्तरेला बाणकोटची खाडी म्हणजे सावित्रीचं मुख; ती रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची सीमा आहे. मग दाभोळपाशी वाशिष्ठी, जयगडपाशी शास्त्री, रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला भाट्याची खाडी म्हणजे काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, आणि सिंधुदुर्गाच्या सीमेवर विजयदुर्गची खाडी. या खाड्यांनी किनाऱ्याचे आपोआप भाग पाडले आहेत. बाणकोट ते दाभोळ हा मंडणगड-दापोलीचा पट्टा, दाभोळ ते जयगड हा गुहागरचा, जयगड ते भाट्ये हा गणपतीपुळे आणि रत्नागिरीचा, आणि भाट्याच्या दक्षिणेला पावस, पूर्णगड, कशेळी, आंबोळगडचा. प्रत्येक पट्ट्यात पुळण आहे, किल्ला आहे, देऊळ आहे, मासळीचं बंदर आहे, नारळी-पोफळीच्या बागा आहेत. एका पट्ट्यात जे आहे त्यातलं बरंचसं दुसऱ्यातही आहे, म्हणून चारही पट्टे एका दमात पाहण्याने पदरात जास्त काही पडत नाही. पट्टा ओलांडायचा तर एकेकाळी खाडीला वळसा घालून थेट चिपळूण किंवा संगमेश्वरच्या बाजूला जावं लागे. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, पुढे वेसवी-बागमांडला आणि जयगड-तवसाळ इथेही ती सोय झाली, आणि हे वळसे वाचले. गाडीसकट बोटीत चढून खाडी ओलांडायची, ही गोष्ट लहान मुलांना कुठल्याही पाळण्याइतकी आवडते, आणि तिचं भाडं अशा पार्कच्या तिकिटापुढे किरकोळ असतं.

मोटार, मोटेल आणि थीम पार्क यांची जी सुट्टी आपल्या डोळ्यांसमोर असते, तिची घडण अमेरिकेत झाली आणि तिथे तिला कारणं होती. मेम्फिसचा एक बांधकाम व्यावसायिक, केमन्स विल्सन, १९५१ साली बायको आणि पाच मुलांना घेऊन मोटारीने वॉशिंग्टनला गेला. वाटेतल्या मोटेलांनी प्रत्येक मुलामागे जादा दोन डॉलर मागितले, त्याचा त्याला इतका राग आला की पुढच्याच वर्षी त्याने मुलांचे वेगळे पैसे न घेणारं पहिलं 'हॉलिडे इन' उघडलं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं, १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. हजार-दीड हजार किलोमीटर सपाट, सरळ रस्ता, त्यावर रात्रीपुरतं टेकायला खोली, आणि शेवटी एक मोठं आकर्षण, असा तो क्रम होता. अंतर प्रचंड असल्यामुळे रस्ता लवकर संपवणं गरजेचं होतं, आणि खोलीकडून स्वच्छ गादी व गरम पाणी याखेरीज कुणाला काही नको होतं.

कोकणचा प्रवास वेगळ्या मुशीतून आला. आगगाडी यायच्या कितीतरी आधी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी हाच चाकरमान्यांचा रस्ता होता. पावसाळ्यात त्या बंद असत. मग एसटी आली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली. या साऱ्या काळात माणसं निघत ती शिमग्याला, गणपतीला किंवा मे महिन्यात आंबा-फणसाला, आणि उतरत ती स्वतःच्या घरी, नाहीतर मामाकडे, आत्याकडे. बंदरावर उतरलं की पुढे बैलगाडी किंवा पायवाट, आणि मग महिनाभर मुक्काम. रस्त्याकाठी रात्र काढण्याची इथे कुणाला गरजच नव्हती, त्यामुळे मोटेलसारखी जागा उभी राहिली नाही. तिच्या जागी उभी राहिली ती 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. गुहागर, मुरुड, आंजर्ले, केळशी, गणपतीपुळे इथल्या वाड्यांमधून फिरलं तर ही पाटी घरोघर दिसते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने न्याहरी-निवास योजनेतून अशा घरांना नोंदणीचा मार्गही दिला. मोटेलात खोलीचं भाडं घेतात. इथे पुष्कळदा माणशी दर ठरतो आणि त्यात सकाळची न्याहरी, दोन वेळचं जेवण, कधी दुपारचं कोकम सरबतही येतं. हा हिशेब एका रात्रीसाठी आलेल्या माणसाला महाग वाटतो, कारण उशिरा पोचून पहाटे निघणाऱ्याला त्यातलं निम्मं मिळतच नाही. चार दिवस राहणाऱ्याला तो परवडतो. मुलांनाही पहिल्या दिवशी परकं वाटणारं घर तिसऱ्या दिवशी आपलं होतं. विहिरीवरचा रहाट, आगरातलं शिंपण, माजघरातला झोपाळा यांच्याशी ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच.

आता पाण्याकडे वळतो, कारण मुलांच्या सुट्टीत पाणी हवंच. टेक्सासमध्ये न्यू ब्राउनफेल्स नावाच्या गावातून कोमाल ही नदी वाहते. तिची लांबी जेमतेम चार किलोमीटर; ती झऱ्यांतून उगम पावते, म्हणून बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं, संथ, स्वच्छ पाणी तिला असतं. फुगवलेल्या टायरट्यूबमध्ये बसून त्या पाण्यावरून सावकाश वाहत जाणं, हा तिथला उन्हाळ्याचा मोठा आनंद आहे. कोकणातल्या नद्या इतक्या सुंदर आहेत, मग इथे असं का करू नये, असा प्रश्न साहजिकच येतो. उत्तर नद्यांच्या स्वभावात आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या काळात या नद्या लोंढ्यासारख्या येतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं, ते सर्वांना आठवत असेल. मार्च उजाडेपर्यंत त्यांच्या वरच्या अंगाला गोटे आणि मधूनमधून डोह एवढंच उरतं. खालच्या अंगाला समुद्राची भरती आत शिरते आणि पाणी मचूळ होतं. तिथला प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा बदलतो. ओहोटी लागल्यावर ट्यूबमध्ये बसलेलं मूल किनाऱ्यापासून कुठे ओढलं जाईल, याचा भरवसा देता येत नाही.

वाशिष्ठी त्याला अपवाद आहे, पण तो अपवादही आपल्या कामाचा नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरवून पोफळी आणि अलोरेच्या परिसरात वीज तयार होते. १९६० मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पातून सुटलेलं पाणी शेवटी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे तिला भर उन्हाळ्यातही पाणी असतं. मात्र ते विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होतं, आणि खाली चिपळूणपासून खाडीपर्यंत मगरींची वस्ती आहे. खेडच्या जगबुडीतही मगरी आहेत. या पाण्यात उतरायचं नसतं. मचव्यातून किंवा होडीतून हिंडायचं असतं. चिपळूण आणि दाभोळच्या बाजूने अशा फेऱ्या निघतात, आणि सकाळच्या उन्हात चिखलावर पहुडलेली मगर सुरक्षित अंतरावरून पाहिलेलं मूल ते दृश्य विसरत नाही. ज्यांना वेगवान पाण्याचाच अनुभव हवा, त्यांनी रत्नागिरीला येतानाच कोलाडला थांबावं. तिथे कुंडलिकेवर रबरी तराफ्यातून जाता येतं, तेही ऐन उन्हाळ्यात, कारण टाटांच्या भिरा वीजगृहातून सकाळी पाणी सुटतं. ते पाणी मुळशी धरणाचं आहे; ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला, तेच हे धरण. तराफ्यात बसण्यापूर्वी मुलांना एवढं सांगायला हवं, की ही मौज ज्या पाण्यावर चालली आहे त्याखाली कुणाची तरी शेतं गेली आहेत.

रत्नागिरीच्या पट्ट्यांत पाण्याचा खेळ भरती-ओहोटीशी जुळवून खेळावा लागतो, आणि हे शिकणं हाच मोठा खेळ होऊ शकतो. कोकणातली जुनी माणसं घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगत. अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती धरायची, आणि त्यानंतर जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा अंदाज आहे. जागेप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. त्याच पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं. पूर्ण ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं, छोटे मासे दिसतात. दहा वर्षांचं मूल तिथे दोन तास सहज रमतं. ज्या कुटुंबाला दुपारी दोनला पुढचं ठिकाण गाठायचं आहे, त्याच्या वाट्याला हे येत नाही, कारण समुद्र त्याच्या वेळापत्रकाने चालत नाही. गणपतीपुळ्याला आणि आरे-वाऱ्याला पर्यटक बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, त्यामागेही ही घाई बरीचशी आहे. तासाभरासाठी आलेली माणसं समोर असेल त्या पाण्यात उतरतात. गणपतीपुळ्याचा किनारा झपाट्याने खोल होतो, परतणाऱ्या लाटेला ओढ फार असते, आणि हे एका तासात कळत नाही. त्याच गावात राहणाऱ्याला घरमालक पहिल्याच संध्याकाळी सांगतो, कुठे उतरा आणि कुठे अजिबात उतरू नका.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सगळं मोठ्यांना छान वाटतं. मुलांना मात्र वेग, उंची, रंग, आरडाओरडा हवा असतो. ही गरज खोटी नाही. तिच्यासाठी खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका आहे, आणि मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला ते एका दिवसात करता येतं. त्यासाठी रत्नागिरी गाठायला नको. शिवाय रत्नागिरीत स्वतःच्या जातकुळीचे 'पार्क' आहेतच. सावर्ड्याजवळ डेरवणला शिवसृष्टी आहे, जिथे शिवचरित्रातले प्रसंग पूर्णाकृती शिल्पांमधून उभे केले आहेत. गणपतीपुळ्याला 'प्राचीन कोकण' आहे, जिथे बारा बलुतेदारांचं जुनं गाव पुतळ्यांमधून दाखवलं आहे. रत्नागिरी शहरात १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, ही गोष्ट मुलं तोंड उघडं टाकून ऐकतात. त्याच शहरात टिळकांचं जन्मघर आहे, आणि तासाभराच्या आत मालगुंडला केशवसुतांचं. आणि कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचं गोठणं ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ यांसह, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून ही चित्रं उजेडात आणली. मुलाला त्या हत्तीच्या कडेने चालायला लावावं, आत किती प्राणी सापडतात ते मोजायला सांगावं. यंत्राचा पाळणा दोन मिनिटांत थांबतो. हा शोध अर्धा दिवस पुरतो.

हा सडा मला जास्त काळजीचा वाटतो. थीम पार्कला मोठी, सपाट, मोकळी जमीन लागते, आणि रत्नागिरीत तशी जमीन म्हणजे कातळाचे सडेच. कागदोपत्री ते पडीक दिसतात, म्हणून कुठल्याही मोठ्या प्रकल्पाची नजर आधी त्यांच्यावर जाते. पण त्याच कातळावर ही शिल्पं आहेत, पावसाळ्यात तिथेच इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, आणि पायथ्याच्या विहिरींना पाणी मुरतं तेही तिथूनच. शिवाय चार महिने धो-धो पाऊस असताना उघड्यावरचे पाळणे बंद ठेवावे लागतील. वर्षाच्या उरलेल्या काळात, शनिवार-रविवार सोडून, गर्दी कुठून यायची?

रोजगाराचं काय, हा याहून गंभीर आक्षेप आहे, आणि तो जिल्ह्यातलीच माणसं घेतात. तरुण मुंबईला जातात, वाड्या ओस पडतात. मोठा पार्क आला तर चारशे पोरांना काम तरी लागेल. या मागणीला मी हलकं लेखत नाही. पण पैसा कोणत्या वाटेने गावात येतो, ते पाहिलं पाहिजे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण समोर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणारी कुटुंबं गावातल्याच घरांत उतरू लागली. ना पाळणा, ना मोठं भांडवल. पैसा थेट स्वयंपाकघरांपर्यंत पोचतो. पिल्लं त्या सकाळी बाहेर येतीलच याची हमी नसते, म्हणून दोन दिवस थांबणाऱ्याची शक्यता वाढते, आणि थांबण्याने गावाचंही भलं होतं. अर्थात या व्यवस्थेत दोष आहेत. घरगुती सोयीचा सारा भार घरातल्या बाईवर पडतो: पहाटे चारला उठून घावन, दुपारी पंधरा ताटं, रात्री पुन्हा तेच, आणि वर पाहुणे दरात घासाघीस करतात. गावाबाहेरचे लोक जमीन घेऊन 'होमस्टे'च्या नावाखाली हॉटेलं बांधतात. दोन्हींवर इलाज करावा लागेल. पार्क आणल्याने यातला एकही दोष मिटत नाही.

रस्त्याचा आक्षेपही खरा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. कशेडी घाटात बोगदा झाला, त्याने बराच वेळ वाचतो. पण इतकी वर्षं रखडलेल्या रस्त्यावरून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर मुलांना नेणं ही शिक्षा ठरू शकते. म्हणूनच खाडी ते खाडी या बेतात स्वतःची गाडी मुंबईपासून न्यायलाच हवी असं नाही. रेल्वेने खेड, चिपळूण किंवा रत्नागिरीला उतरावं आणि पट्ट्यापुरती गाडी भाड्याने घ्यावी. २०२३ पासून धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत खेड आणि रत्नागिरीला थांबते. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवरून पूल बांधण्याची योजना आहे. ते झाले तर सगळा किनारा एका दिवसात पालथा घालण्याचा मोह आणखी वाढेल. तरीही पुलांना विरोध करणं मला पटत नाही. पलीकडच्या तीरावरच्या आजाऱ्याला रात्री दवाखान्यात न्यायचं असतं, आणि त्याने पर्यटकांच्या हौसेसाठी बोटीची वाट पाहू नये. पूल व्हावेत, फेऱ्या मात्र बंद पडू देऊ नयेत.

जिल्ह्याने करायच्या गोष्टी त्या मानाने स्वस्त आहेत. गर्दीच्या प्रत्येक पुळणीवर वर्षभर पगारी जीवरक्षक, आणि भरती-ओहोटीची त्या दिवसाची वेळ लिहिलेला मराठी फलक. दर तीस किलोमीटरांवर बायकांना वापरता येईल असं स्वच्छ शौचालय; लांबच्या प्रवासात कुटुंबाची खरी अडचण ती असते. कातळशिल्पांभोवती कठडा आणि गावातलाच प्रशिक्षित वाटाड्या. बोटीवर प्रत्येकाला, लहान मुलांना त्यांच्या मापाचं, तरंगजाकीट. न्यू ब्राउनफेल्सच्या मतदारांनी २०११ मध्ये नदीवर फेकाऊ डबे-बाटल्या नेण्यास मनाई करणाऱ्या नियमाच्या बाजूने कौल दिला. ट्यूबवाल्या पर्यटकांवर जगणाऱ्या गावाने हे केलं. मद्याच्या बाटल्या आणि प्लास्टिक यांच्याबाबत आरे-वारे, गुहागर किंवा कर्द्याच्या ग्रामपंचायतीला असा ठराव करून तो अमलात आणता आला, तर बाहेरून येणाऱ्यांनी त्याची कुरकुर करू नये.

कुटुंबाने पट्टा कसा निवडावा, तर ऋतू पाहून. फेब्रुवारी ते एप्रिल कासवांसाठी बाणकोट-दाभोळ, म्हणजे वेळास, आंजर्ले, आणि हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव. डिसेंबर-जानेवारीत गुहागर, कारण लांबच लांब पुळणीवर दुपारीही चालता येतं, आणि वेळणेश्वर, हेदवी, बामणघळ हाकेच्या अंतरावर आहेत. शाळकरी मुलांना इतिहास वाचायचा असेल त्या वर्षी जयगड-भाट्ये. मे महिन्यात भाट्याच्या दक्षिणेला जावं. पावस-पूर्णगडच्या बागांत तेव्हा आंब्याच्या पेट्या भरल्या जात असतात, गणेशगुळ्याला माणसं कमी असतात, आणि सकाळी लवकर निघालं तर कशेळीचा हत्ती ऊन तापण्याआधी पाहून होतो.